तोंड दाराकडं

चहा पिऊन दोघं परत आले, तर रोव्हर जिथं सोडला होता तिथं नव्हता. वाळूच्या हौदातच होता म्हणा, पण टेकाडावरून उतरून पार कोपऱ्यात, कडेला नीट लागलेला. वर उचललेला त्याचा हात आता खाली येऊन वाळूवर टेकला होता.

"हा काय चमत्कार?" जयसिंग म्हणाला. "बॅटरी संपून बंद पडला होता ना हा?"

सादिकानं नुसती मान हलवली. तिनंच तर त्याला दमेपर्यंत पळवला होता. टेकाड चढता चढता, हात वर धरलेला तसाच, तो अर्ध्यात बसला होता. चंद्रावर जायच्या गाडीचा हा नमुना. दोघं कामाला होती ती कंपनी नवी, जागेची मारामार, म्हणून चाचण्या चालायच्या चिखलीला, सादिकाच्या अब्बांच्या शेडमध्ये. शफीभाईंचा धंदा फोर्कलिफ्ट दुरुस्तीचा. चाकणच्या कारखान्यांतल्या थकल्याभागल्या फोर्कलिफ्ट त्यांच्या दारात रांगेनं उभ्या असत, आणि मधोमध हा वाळूचा हौद.

"अब्बा, याला कुणी हात लावला?"

शफीभाई एका फोर्कलिफ्टखालून सरपटत बाहेर आले. "मी लावला. ढकलत नेला कोपऱ्यात. का गं?"

जयसिंगनं कपाळावर हात मारला. "चाचा, अहो ती टेस्ट होती! कुठं बंद पडतो, कसा बंद पडतो, तेच तर मोजायचं होतं!"

"अरे, पण हात वर करून उभी होती गाडी! कुणाच्या डोक्यात बसला असता म्हणजे? आपल्यात रूल आहे बाबा. काम संपलं की गाडी कडेला, फोर्क जमिनीला, तोंड दाराकडं. उद्या येणाऱ्याला त्रास नको."

"चंद्रावर उद्या कुणी येत नाही, चाचा."

"मग परवा?"

"कधीच नाही."

शफीभाईंच्या चेहऱ्यावर असा काही गोंधळ उमटला की सादिकालाच वाईट वाटलं. तिनं समजावून सांगितलं. तिथली रात्र आपल्या दोन आठवड्यांची. थंडी अशी, की बॅटरीचा जीवच जातो. ऊन गेलं की गाडी गेली.

"म्हणजे ती तिची शेवटची शिफ्ट," शफीभाई म्हणाले.

"हो."

"आणि शेवटच्या शिफ्टला गाडी लावायची कुठं, ते तुमचं ठरलंच नाही?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट लागलं. रोव्हरच्या शेवटच्या दिवसाचा आराखडा सादिकाकडे होता. तिची ही पहिलीच जबाबदारी. सरांनी निक्षून सांगितलं होतं, आज दुपारी कळव, नाहीतर तो दिवस मी जयसिंगकडे देतो. जयसिंगचं उत्तर तयार होतं: बॅटरीत थेंब असेपर्यंत पळवायचा. चंद्रावरच्या टेकाडापलीकडे कधीच ऊन न पाहिलेला खड्डा आहे, त्याचा एक फोटो मिळाला तरी सोनं झालं. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी ते लिहायला बसली की सादिकाचं पुढं सरेना. तिला स्वतःचाच राग येई. इंजिनिअर ना गं तू? लोखंड ते, त्याला कसलं आलंय मरण! इतकं स्वतःला बजावूनही डोक्यातला गुंता सुटायचं नाव घेत नव्हता. त्यात आता अब्बांनी ही भर घातली.

"फोटो नक्की मिळतो का रे?" शफीभाईंनी विचारलं.

"चढला तर मिळतो."

"आज तर बसला."

"आज बसला," जयसिंग जरा पडेल आवाजात म्हणाला. "तिथं कदाचित चढेलही."

सादिका कोपऱ्यातल्या रोव्हरकडे बघत राहिली. मघाशी टेकाडावर तो मदतीला हाका मारल्यासारखा दिसत होता, आणि त्याला तसाच सोडून ती चहाला गेली होती. आता तो दिवसभर राबून घरी आलेल्या माणसासारखा बसला होता.

"टेकाड सोडू या," ती एकदम म्हणाली. "तेवढ्या बॅटरीत त्याला नीट उभा करू. हात खाली घेऊन."

"पण कुणासाठी?"

"मला नाही माहीत, जयसिंग." आणि खरंच तिला माहीत नव्हतं. तिला रडू यायला लागलं होतं, आणि कशाचं येतंय तेही कळत नव्हतं.

जयसिंग लॅपटॉप ओढून खाली बसला. "सरांना तू सांगायचं हं. फोटो सोडला म्हणून माझ्या नावानं शिमगा नको. बोल, हात खाली. आणि तोंड?"

सादिकानं अब्बांकडे पाहिलं. शफीभाईंनी डोकं खाजवलं.

"मला काय विचारतेस बेटा? दार कुठल्या बाजूला असतं तिथं?"

"दार नसतं, अब्बा. काहीच नसतं. वाळू, दगड, काळं आभाळ."

"आपण तरी दिसतो का तिथून?"

"दिसतो की. पृथ्वी दिसते. रोव्हर उतरणार तिथून अगदी खाली, जमिनीला टेकल्यासारखी."

"उगवते कधी?"

"उगवत नाही. मावळतही नाही. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते ना, म्हणून पृथ्वी जिथं दिसते तिथंच असते. कधीही बघा."

शफीभाई पाना उचलून पुन्हा फोर्कलिफ्टखाली सरकले. खालून त्यांचा आवाज आला.

"अगं, मग तेच की दार. चोवीस तास उघडं."