आम्ही आलोय

किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये बसून ती समुद्रातली गस्तीची बोट चालवायची. बोटीवर माणूस नसे. कॅमेरा, माईक आणि स्पीकर, एवढंच. चोराचिलटांना वर चढता येऊ नये म्हणून बोटीच्या बाजू उंच आणि काचेसारख्या गुळगुळीत ठेवलेल्या होत्या.

त्या दुपारी मासेमारीची एक होडी उलटल्याची खबर आली. बचावपथक अजून धक्क्यावरच होतं, पण हिची बोट तिथून जवळ होती. थोड्याच वेळात पडद्यावर तो दिसला. एका फळीला कवटाळून लाटांवर हेलकावे खाणारा, तिच्या वडिलांच्या वयाचा माणूस. तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, घाबरू नका," ती माईकवर म्हणाली. "आम्ही आलोय."

माणसाचा आवाज ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून तो बोटीकडे पोहत निघाला. "काका, फळी सोडू नका," असं ती म्हणेपर्यंत फळी लाटेबरोबर लांब गेली होती.

तो बोटीपाशी पोचला. त्याने वर हात टाकले, ते घसरले. पुन्हा टाकले, पुन्हा घसरले. तिने बचावपथकाला फोन लावला. ते आत्ता कुठे निघाले होते.

 

मग कंट्रोल रूममधल्या स्पीकरमधून त्याचा दमलेला आवाज आला, "पोरी, नुसती बोलतेस काय? वाकून जरा हात दे ना."