एकाच हाताच्या कविता

केवळरामांनी टेबलावर दोन गठ्ठे केले. उजवीकडे सव्वीस कविता, डावीकडे एकोणीस.

"या छापू," उजव्या गठ्ठ्यावर तळवा ठेवत ते म्हणाले. "या काढू."

समोर बसलेल्या साधनानं डाव्या गठ्ठ्याकडे पाहिलं. नागभीडजवळच्या एका गावात ती अंगणवाडी चालवायची. महिन्यापूर्वी टपोऱ्या अक्षरात लिहिलेली पानं घेऊन ती चिमूरला आली होती आणि "सर, इतक्या कविता छापायच्या हायेत," एवढंच बोलून गेली होती. केवळराम मराठीचे निवृत्त शिक्षक. पंधरा वर्षं कवितांची पुस्तकं काढत होते. आपला कान चुकत नाही, याची त्यांना खात्री होती.

"काऊन काढता, सर?"

"रागावू नका, बाई. यात एक ओवी, मंग गझल, मंग मुक्तछंद, अन् एकदम अभंग. दहा जणांनी लिवल्यासारखं वाटते. पुस्तकाले एक आवाज पायजे." त्यांनी उजव्या गठ्ठ्यातलं पान उचलून वाचलं:

"जाळं टाकलं, पाणी सरकलं,
सावली गवसली, मासोळी निसटली."

"हे पाहा. अन् हे, अन् हे. तोच पाण्याचा ठेका, तेच तिरकं हसणं. बाई कमरेइतक्या पाण्यात उभी दिसते. सव्वीसच्या सव्वीस एकाच बाईच्या. डोळे झाकून सांगतो."

"नक्की, सर?"

"शंभर टक्के."

साधनानं डाव्या गठ्ठ्यातली पानं एकेक करून चाळली. एका पानावर थांबली, ओठ जरा हलले, मग तिनं तेही उलटलं. केवळरामांना वाईट वाटलं. पण पहिलं पुस्तक असंच घडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"तुमचं बरोबर हाये, सर," ती शेवटी म्हणाली आणि डावा गठ्ठा तिनं पिशवीत सरकवला. "त्या सव्वीसच छापा."

केवळराम खूश झाले. मुखपृष्ठाचा कागद पुढं ओढून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा, कवयित्रीचं पूर्ण नाव."

"सुकरी, मंगली, सोनीबाई..." साधना बोटांवर मोजत सांगू लागली. "अकरा जणी हायेत, सर. आमच्या तलावावर मासोळ्या धरतात. त्याइले लिवता येत नाई, मी उतरवून घेतल्या."

केवळरामांचं पेन थांबलं.

"अन् काढल्या त्या, सर, साऱ्या माह्या एकटीच्या."