मोकळा खांदा

शरयूने प्लॅस्टिकच्या योद्ध्याचा खांदा गरम पाण्यात बुडवला, मऊ झाल्यावर त्याचा हात उपसून काढला आणि सांध्याला आतून पॉलिश पेपर मारला. योद्धा टक लावून तिची बोटं बघत होता.

"बघून बघून शिकतात ही खेळणी," तिचा नवरा हेमंत म्हणाला. "म्हणून तर कंपनी सांधे घट्ट ठेवते. मोकळा झाल्यावर काय करेल, कुणास ठाऊक!"

"तेच तर बघायचंय."

तिने हात परत बसवला. योद्ध्याने तो डोक्यावरून गर्रकन फिरवला.

"जमलं!" हेमंतला टाळी द्यायला शरयूने हात उचलला आणि ती कळवळली. तिचा खांदा वर्षभर आखडलेला होता.

योद्धा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने गरम पाण्याची वाटी तिच्याकडे सरकवली आणि पॉलिश पेपर उचलला.