भोसरीची पाटी

सोनबांनी धोतराचा काचा मारला, सोडला आणि पुन्हा मारला. पंचावन्नाव्या वर्षी हुतूतूला उतरायचं म्हणजे गावात शोभा करून घेणंच, पण आता इलाज नव्हता.

तालुक्याच्या हुतूतू संघाचं ऑफिस भोसरीत ठेवायचं की पुण्याला न्यायचं, यावर सकाळपासून सभा चालली होती. मतं पडली सात-सात. शेवटी अध्यक्ष अर्जुनराव वैतागले. "हुतूतूचा संघ हाय ना? मग हुतूतूनंच ठरवा. भोसरीचा एक गडी चढाईला जाईल. पुण्यावाल्या सातांपैकी एकाला शिवून परत आला, तर ऑफिस हितंच."

ऑफिस म्हणजे तरी काय, सोनबांच्या ओसरीवरची एक पाटी आणि एक कपाट. पण त्या पाटीपायी वीस वर्षं त्यांच्या दारात माणसं येत होती. बायको गेल्यावरही येत राहिली. पाटी गेली तर आपल्याला विचारणार कोण, या धास्तीनं त्यांना चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं. म्हणून ओसरीपुढच्या अंगणात मधली रेघ आखताच ते स्वतःच उठले. घाईत पंचाची शिट्टी गळ्यातच राहिली.

पंच म्हणून त्यांचा दरारा होता. कितीही गलका असो, गड्याचा दम कुठं तुटला ते त्यांना बरोबर ऐकू यायचं. गेल्या साली अंतिम सामन्यात पिंपरीच्या ज्योतीरामला त्यांनी असंच बाद दिलं होतं. तेव्हापासून ज्योतीरामनं बोलणं टाकलं होतं. आज तो पुण्यावाल्या सातांत उभा होता.

"हुतूतूतू" करत सोनबा शिरले. एकाच्या खांद्याला हात लावला, तोच ज्योतीरामनं त्यांचा घोटा धरला. सोनबा आडवे झाले. मातीतून सरपटत त्यांनी हात पुढं टाकला. बोटं मधल्या रेघेला लागली.

एकच ओरडा झाला. अर्जुनरावांनी भोसरीचा निकाल दिला. कुणीतरी गुलाल आणला. सोनबा मात्र एका जागी थांबेनात. रेघेच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागले. पाटीकडं पाहिलं, पुन्हा रेघेकडं पाहिलं. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली.

"दम तुटला होता," ते म्हणाले. "रेघ वीतभर लांब होती तवा. मी बाद."

ज्योतीराम पुढं आला. वर्षभरानं त्यानं हाक मारली.

"तात्या, तुमचा पाय माझ्या हातात होता. मला न्हाई ऐकू आलं."

"मला आलं," सोनबा म्हणाले आणि पाटी उतरवायला ओसरी चढले.