नुसती भीती पुरत नाही

"आता तरी 'हो' म्हणा, वकीलबाई," जनरलसाहेब म्हणाले.

वकीलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. सकाळचं धुकं धावपट्टीवर लोळत होतं. त्यात लढाऊ विमानं इंधनाच्या टँकरना नळीनं चिकटून उभी होती, गाईला लुचणाऱ्या वासरांसारखी. सगळं इतकं निवांत, की युद्धाचं नाव काढणंही आगाऊपणा वाटावा.

जनरलसाहेबांच्या एका शब्दावर हजारो माणसं उठत-बसत. पण शेजारच्या देशावर पहिला वार करायचा, तर या कायदेसल्लागार बाईंचा होकार लागे. हा नियम साहेबांना नव्या बुटासारखा चावायचा.

"नुसती भीती पुरत नाही, साहेब. हल्ला अगदी दारात आलेला असावा लागतो. आणि तो टाळायला दुसरा उपाय उरलेला नसावा."

"बोलणी कालच फिसकटली. उपाय संपले. आणि दाराचं म्हणाल, तर हे बघा."

भिंतीवरच्या पडद्यावर सीमेपलीकडचा तळ उमटला. आवाज नव्हता. माणसं पाण्याखाली चालल्यासारखी तरंगत होती.

"विमानांत इंधन भरतायत. सैनिकांच्या रजा रद्द. कालपासून तळाजवळचं इस्पितळ रिकामं करतायत, जखमींसाठी! आता काय, त्यांचं आमंत्रण यायला हवं?"

वकीलबाईंना हसू आलं. पण पुरावा चोख होता.

"पुरे आहे. एवढं दिसल्यावर पहिला बॉम्ब पडायची वाट बघा, असं कायदा म्हणत नाही."

साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केलं, ते अंगठी घालावी इतक्या प्रेमानं. टोपण काढताना बाईंचा फोन थरथरला. नवरा होता.

"अगं, तुझ्या आईंचं ऑपरेशन पुढे ढकललं. अख्खा वॉर्डच रिकामा करतायत, का ते कुणी सांगेना. आणि तुझ्या भावाची वाट बघू नकोस, त्याची रजा रद्द झाली. पलटणीवर परत बोलावलंय. आई मजेत आहेत. गच्चीत बसून तुझ्या तळावरची विमानं बघतायत."

बाईंनी फोन ठेवला. बाहेर वासरं अजून लुचतच होती.

"साहेब, पलीकडेही माझ्यासारखं कुणी असेल ना? कायदा सांगणारं?"

"असेल की. ही कटकट काय फक्त माझ्याच नशिबी? का हो?"

बाईंनी पेनाला हळूच टोपण लावलं.

"तीही आत्ता आपल्याला पडद्यावर बघत असेल. तिनं 'हो' म्हटलंसुद्धा असेल."