तासाची घंटी

चांगुणाबाई सकाळपासून सुनेच्या पाठीमागं स्टुलावर बसून होत्या. वाचता येत नव्हतं, पण नजर काही कॉम्प्युटरच्या काचेवरून हलत नव्हती.

अंबडच्या कोर्टासमोर शिवकन्येचं टायपिंगचं दुकान. बारा वर्षं तिनं टाइपरायटर बडवला, हात कधी कुरकुरला नाही. दिवाळीत कॉम्प्युटर आला आणि होळीच्या आत उजव्या हाताची तीन बोटं मुकी झाली. काल चहाची कपबशी सुटली. आज अर्जात 'पुंजाराम'चा दोनदा 'पुंजारम' झाला. वकीलसाहेब एवढंच म्हणाले होते, की तिसऱ्यांदा काना गेला तर कागद दुसरीकडं जातील. ज्याचा अर्ज तो पुंजाराम समोरच्या बाकावर आपल्या कान्याची वाट बघत बसला होता.

जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर तासाला उठायला सांगितलं. हात सैल सोडायचे, लांब बघायचं. नाहीतर मनगटाचं ऑपरेशन. सासू सोबत होती. गोळ्या शिवकन्येनं सांभाळल्या, तास सासूनं.

"ऊठ," चांगुणाबाई म्हणाल्या.

शिवकन्येनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "आत्याबाई, आत्ताच तर उठल्ते. पाच मिनिटं बी झाले न्हाईत."

"मिनिटाचं मला काय सांगती? तास सरलं. ते बघ, टोकाला गेली तू."

त्यांचं बोट काचेवरच्या ओळीच्या शेवटाला टेकलं होतं. तेव्हा कुठं शिवकन्येच्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टरांचा तास घड्याळातला, सासूचं तास वावरातलं. खुरपताना धरलेली ओळ बांधाला जाऊन भिडली, की तास सरलं. बाया उठतात, कमरेला हात लावतात, सूर्य कुठवर आला ते बघतात, मग पुढचं तास धरतात. चांगुणाबाईंचे गुडघे कामातून गेले होते, पण हात अजून शाबूत होते.

दर ओळीला उठायचं म्हणलं तर आपला अर्ज पोळ्याला निघंल, असं पुंजाराम म्हणाला. त्यानं जन्मात कधी खुरपं धरलं का, असं चांगुणाबाईंनी विचारलं. तो परत कान्याची वाट बघू लागला.

"मला एक सांग," त्या सुनेला म्हणाल्या, "जुन्या मशीनवर कामून दुखलं न्हाई?"

शिवकन्येला हे कोणी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही. ती उठली, कोपऱ्यातल्या टाइपरायटरवरचं फडकं काढलं, एक कोरा कागद चढवला आणि उभ्याउभ्याच जे सुचलं ते बडवत गेली. ओळ सरत आली, तशी मशीनची घंटी वाजली.

टिंग.

डावा हात दांडी सरकवायला गेला. उजवा, कोणी न सांगता, खाली लोंबला.

तिनं परत एक ओळ मारली. परत टिंग. परत उजवा हात खाली. ती त्या हाताकडं दुसऱ्याच कोणाचा असावा तशी बघत राहिली.

"ह्याला बांध होता, माय," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्या काचेच्या वावराला बांधच न्हाई. म्हणून वाकली ते वाकलीच राह्यली तू."

शिवकन्या कॉम्प्युटरपाशी येऊन बसली. दर ओळीला नको, परिच्छेद संपून मोकळी जागा सुटली की उठायचं, एवढं दोघींचं ठरलं. अर्ज पुढं चालला. ओळी आपोआप खाली घसरत होत्या, तिला कुठं थांबायची गरजच पडत नव्हती. चांगुणाबाईंनी पाण्याचा स्टीलचा ग्लास मांडीवर घेतला आणि डोळ्यांत तेल घालून मोकळी जागा हुडकत राहिल्या.

ती आली. त्यांनी हातातलं कडं ग्लासावर मारलं.

टिंग.

उजवा हात मांडीवर येऊन पडला. शिवकन्येनं दारातून लांब, कोर्टाच्या कडुलिंबाकडं पाहिलं. बाकावर पुंजारामनंही उगीच पाठ ताठ केली.

काचेवर त्याचा काना जागच्या जागी उभा होता.