पहिल्या बाकावरचा हात

"डोळे मिटा," पाळक म्हणाले, आणि सगळ्या मंडळीने माना खाली घातल्या. मागच्या रांगेतला खोकलासुद्धा थांबला.

या चर्चची ही जुनी रीत होती. पूर्वी एकदा दरवाजाला कुठला रंग द्यायचा यावरून मतदान झालं होतं. कोणी कोणाच्या विरोधात हात वर केला हे सगळ्यांना दिसलं, आणि दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. तेव्हापासून ठराव कुठलाही असो, डोळे मिटूनच हात वर करायचा. बघायचं ते फक्त पाळकांनी. त्यांनी हात मोजायचे, निकाल सांगायचा, आणि कोणाचा हात कधी वर गेला ते पोटात ठेवायचं.

आजचा ठराव मात्र रंगाचा नव्हता. नगरपालिकेच्या निवडणुकीत मंडळीने पाळकांच्या जावयाला उघड पाठिंबा द्यायचा की नाही, हे ठरायचं होतं. होकार आला तर येत्या रविवारी पाळकांनाच व्यासपीठावरून तसं जाहीर करावं लागणार होतं. वॉर्डात उमेदवार दोनच. एक जावई, टायरच्या दुकानाचा मालक. दुसरी एक निवृत्त नर्स. ती कधी कुठल्या चर्चची पायरी चढली नव्हती, पण समोर माना खाली घालून बसलेल्यांपैकी निम्मे लोक तिच्याच हातावर जन्मले होते.

गेले काही दिवस पाळकांच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. विश्वास ठेवणाऱ्याने सत्तेपासून चार हात लांब राहावं, असं ते तरुणपणी ठासून सांगत. मग 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' हा येशूचा दाखला समोर आला की वाटे, मीठ बरणीतच राहिलं तर त्याचा उपयोग काय? दोन्ही बाजूंनी वचनं सापडत आणि दोन्ही तितकीच पटत. प्रार्थनेला बसलं की मध्येच जावयाचं पोस्टर डोळ्यांपुढे येई. जावई हसतोय आणि मागे चर्चचा मनोरा. मनोरा छापताना त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

"पप्पा, घरचा माणूस आहे," मुलगी रोज म्हणायची. "तुम्हीच गप्प बसलात तर बाहेरच्यांनी काय समजायचं?"

बायकोने तर आज सकाळी त्यांच्या झग्याला इस्त्री करता करता सुनावलं होतं. "अहो, अख्ख्या मंडळीला वाट दाखवता आणि स्वतः चौकात उभे! वळा की आता कुठंतरी."

कुठं वळणार? खरं सांगायचं तर त्यांना जावई कळलाच नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण टायर आणि हवापाणी यापलीकडे दोघांचं बोलणं कधी गेलं नव्हतं. पोस्टर लागल्यापासून तो दर रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसू लागला होता. देवासाठी की मतांसाठी, याचा काही पत्ता लागत नव्हता. आजही मतदानाआधी त्याने पाळकांच्या मुलीने लिहून दिलेलं भाषण वाचून दाखवलं होतं. "मी ख्रिस्ती आहे, म्हणून तुमचं मत माझं आहे," या वाक्यावर तो अडखळला. त्याने मानेवरचा घाम पुसला, वाक्य कसंबसं पूर्ण केलं आणि बसला. टाळ्या पडल्या. टाळीसाठी पाळकांनीही हात उचलले, आणि तसेच खाली घेतले.

"पाठिंबा द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पाळक बघत राहिले. काल फाटकापाशी गाठून 'राजकारणाची घाण आत नको' म्हणणारे खजिनदार, त्यांचा हात वर! जावयाची पत्रकं घरोघर वाटणाऱ्या ऑर्गनवाल्या बाईंचे दोन्ही हात मांडीवर. ही माणसं आपण ओळखतो असं आपल्याला वाटत होतं तरी कसं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"देऊ नये असं वाटतं, त्यांनी."

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. दोन्हीकडे हात सारखेच भरत होते. एवढ्यात पहिल्या बाकावरचा एक हात हलला. आधी खांद्यापर्यंत आला, घुटमळला, आणि मग सरळ वर गेला. पाळकांनी तोही मोजला.

"डोळे उघडा," ते म्हणाले. "ठराव एका मताने नामंजूर झाला आहे." त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

मंडळी कुजबुजत पांगली. मुलगी तरातरा पुढे आली. तिच्यामागे आई, आणि सगळ्यांत मागे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत जावई.

"एका मताने!" मुलगी म्हणाली. "आणि तेही आपल्याच बाकावरचं. नकाराच्या वेळी माझ्या शेजारी बाही सळसळली, मला ऐकू आलं. आई, तूच ना?"

"मी?" आई उसळलीच. "मी होकाराला हात वर केला होता, खांदा दुखेपर्यंत. माझा जावई आहे तो!"

"मग कोण? पप्पा, तुम्ही पाहिलंय. नाव सांगा."

"नाव सांगता येत नाही, बाळा."

"त्याच्यामुळे तोंडाशी आलेला घास गेला आमचा! आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय?"

जावयाच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज थांबला. तो खाली फरशीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

पाळकांनी अंगातला झगा काढला, नीट घडी घातली आणि बायकोच्या हातात दिला. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

"नाव नाही सांगणार," ते म्हणाले. "पण निवडणुकीत माझं मत त्यालाच देणार आहे."